आईला देता येईल असे क्वीअर पुस्तक हवे आहे : मराठीत, आणि शेवटी कोणीही न मरणारे

दुपारची गाडी
शनिवार, सकाळी ९.४०

गेली अडीच वर्षे मी जवळजवळ फक्त क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा माणसांची, पुस्तकेच वाचते आहे. माझी पाळी दुपारची असते, त्यामुळे ठाण्याहून नेरूळला जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या गाडीत खिडकी मिळते आणि अर्धा तास निवांत वाचता येते. सुरुवातीला मी या पुस्तकांना शाळेच्या वह्यांसारखे खाकी कव्हर घालत असे. ते पाहून आई म्हणाली, "काय गं, शाळा सुरू झाली वाटतं तुझी?" तेव्हा कव्हरे काढली, आणि पुढे काही महिन्यांनी कव्हराखाली काय होते तेही तिला सांगितले. त्याला आता दीड वर्ष होईल.

आई अडुसष्ट वर्षांची आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत तिने पस्तीस वर्षे शिकवले. एखादी गोष्ट कळली नाही की ती माणसांना विचारत नाही, ग्रंथालयात जाते. तशी ती गेली आणि कपाटे धुंडाळून विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' घेऊन आली. हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले, आणि त्या काळात एका स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीवरचे प्रेम मंचावर आणणे ही साधी गोष्ट नव्हती, हे मला मान्य आहे. परंतु त्यातली मित्रा शेवटी आत्महत्या करते. आईने पुस्तक दोन दिवसांत संपवले, चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "तुमच्यातल्या सगळ्यांचं असंच होतं का गं?"

मी नाही म्हणाले. पण पुरावा म्हणून पुढे ठेवावीत अशी माझ्याकडची सगळी पुस्तके इंग्रजी, आणि आई कथाकादंबऱ्या वाचते त्या मराठीच. म्हणून हा धागा काढला आहे. आत्मकथन, कविता, कादंबरी, हलकीफुलकी प्रेमकथा, काहीही चालेल. अट एवढीच की पुस्तक मराठीत असावे आणि ते वाचून झाल्यावर आईने माझ्याकडे काळजीने पाहू नये.


मासुंदा
शनिवार, सकाळी १०.२५

पहिले नाव अर्थातच सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू'चे. २००६ मध्ये आलेली ही कादंबरी मुळात मराठी आहे हे अनेकांना जेरी पिंटो यांचा २०१३ सालचा इंग्रजी अनुवाद वाचल्यावर, किंवा २०२२ मध्ये चित्रपट पाहिल्यावर कळले. चित्रपटाची गोष्ट केरळात घडते. कादंबरी मात्र पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरातली आहे. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच मुलावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. पहिला भाग भावाचा, दुसरा बहिणीचा.

मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. तनय आपली सगळी हकिकत त्या मुलाला उद्देशून, 'तू' म्हणून सांगतो. इंग्रजीत 'यू' म्हटल्यावर समोर कोण आहे ते कळत नाही. मराठीत 'तू आलास' म्हणताक्षणी एक मुलगा दुसऱ्या मुलाशी बोलतो आहे हे क्रियापदच सांगून टाकते. आपल्या भाषेत हे प्रेम पहिल्याच वाक्यात उघडे पडते, लपवायला जागाच राहत नाही.

तुमची अट मात्र निम्मीच पूर्ण होते. शेवटी कोणी मरत नाही, पण आई काळजीने पाहणार नाही याची हमी मी देणार नाही. शिवाय त्यात मुलगा-मुलगा आहेत.


वाशी खाडी पूल
शनिवार, सकाळी ११.०२

बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' ही कादंबरी सुचवतो. खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्टच्या माध्यमातून अनेक वर्षे काम केले आहे, आणि समलिंगी तरुणाचे मन आतून सांगणारे मराठी लेखन ज्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते त्या काळात त्यांनी ही कादंबरी लिहिली.

मागताना मात्र लेखकाचे नाव मोठ्याने सांगावे. मी एका ग्रंथालयात नुसतेच "पार्टनर द्या" असे पुटपुटलो होतो, आणि काकांनी मायेने व. पु. काळे यांची 'पार्टनर' हातात ठेवली. "नाही, दुसरी" असे म्हणण्याचे धाडस त्या दिवशी माझ्यात नव्हते. तीही पुन्हा वाचून परत केली. पुढच्या खेपेला काका म्हणाले, "आवडली ना? आता 'वपुर्झा' घेऊन जा." असे करत करत मी वपुंचे अर्धे कपाट संपवले.


दुपारची गाडी
शनिवार, सकाळी ११.१५

आई वपुंची जुनी वाचक आहे, त्यामुळे हा घोटाळा आमच्या घरी झाला तरी खपून जाईल. पण दोन्ही सूचना पुरुषांच्या आल्या. दोन बायकांचे काही आहे का?


निवृत्त टंकलेखक
शनिवार, दुपारी ४.५०

मी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. या विषयात मला गती नाही, तरी एक पुस्तक वाचले आहे म्हणून लिहितो. माझी नात खारघरला असते. तिने मला टी. जे. क्लून या अमेरिकन लेखकाचे २०२० साली आलेले 'द हाउस इन द सेरुलियन सी' दिले. शब्दकोश जवळ घेऊन, रोज आठ-दहा पाने, असे ते मी दीड महिन्यात वाचले. सेरुलियन हीसुद्धा एक निळी छटा असल्याचे त्यात कळले. वर 'कोबाल्ट ब्लू'चा उल्लेख वाचून या विषयाला निळा रंग विशेष मानवतो की काय असे वाटले.

त्याचा नायक लायनस बेकर हा चाळिशीचा, एकटा, मांजर पाळणारा सरकारी कर्मचारी आहे आणि नियमपुस्तिका सोबत घेतल्याशिवाय तो कुठे जात नाही. त्याला एका बेटावरच्या अनाथालयाच्या तपासणीसाठी पाठवतात. तिथली मुले जादूची आहेत, त्यातला एक तर साक्षात सैतानाचा सहा वर्षांचा मुलगा. लायनसने वरिष्ठांना पाठवलेले अहवाल पुस्तकात दिले आहेत. मी उभे आयुष्य असेच अहवाल टंकित केले. म्हणून पहिला अहवाल किती कोरडा आहे आणि पुढच्यांमध्ये त्याची भाषा कशी सैल होत जाते हे मला नातीपेक्षा अधिक कळले असे मी अभिमानाने म्हणेन. एखाद्या अहवालात 'सदरहू मुले' ऐवजी मुलांची नावे येऊ लागली की कारकून हातातून गेला असे समजावे. अनाथालय चालवणाऱ्या आर्थरवर त्याचा जीव जडतो, आणि ते इतके सावकाश घडते की मला ते कधी घडले हे मागे जाऊन शोधावे लागले.

आमच्या कार्यालयात एक अविवाहित सहकारी होते. त्यांच्यावर जेवणाच्या सुट्टीत जे विनोद होत त्यांत मीही हसत असे. ते आता हयात नाहीत. पुस्तक वाचताना त्यांची बरीच आठवण झाली, इतकेच नमूद करतो.

पुस्तक मराठीत मिळाले तर कृपया कळवावे. पत्नीस द्यावयाचे आहे.


खारफुटी
शनिवार, रात्री ९.३०

टंकलेखककाकांचा प्रतिसाद मनाला भिडला, म्हणूनच थोडा विरोध नोंदवते. क्लून यांनी स्वतः सांगितले आहे की या कादंबरीची कल्पना त्यांना कॅनडातल्या 'सिक्स्टीज स्कूप'बद्दल वाचताना सुचली. तिथल्या आदिवासी समाजांची मुले सरकारने घरांतून उचलून परक्या कुटुंबांत दिली होती. त्या जखमेतून बेट, फुले, खोडकर मुले आणि दोन भल्या पुरुषांचे गोड प्रेम निघावे हे अनेक वाचकांना खटकले, आणि मलाही खटकते. उबदार पुस्तकातली ऊब कोणाच्या सरपणावर पेटवली आहे हे विचारायला हवे.

माझा कल आत्मकथनांकडे आहे. आपण ठाण्याच्या गोष्टी करतो आहोत तर लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचा जन्मच ठाण्याचा, आणि 'मी हिजडा... मी लक्ष्मी' हे वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेले आत्मकथन २०१२ मध्ये आधी मराठीत आले, इंग्रजीत नंतर गेले. हिजडा समाजातल्याच ए. रेवती यांनी तमिळमध्ये लिहिलेले आत्मकथन २०१० साली 'द ट्रुथ अबाउट मी' या नावाने इंग्रजीत आले. घर, हमाम, पोलीस, रस्ता, शस्त्रक्रिया यांविषयी रेवती ज्या निर्विकारपणे सांगतात, त्या पानांवर मी कितीतरी वेळा थांबले.

धागाकर्तीला दोन बायकांचे हवे आहे. कार्मेन मारिया मचाडो यांचे २०१९ चे 'इन द ड्रीम हाउस' हे दोन स्त्रियांच्या नात्याचेच आत्मकथन आहे, पण त्या नात्यातल्या छळाचे. प्रत्येक छोटे प्रकरण वेगळ्या साहित्यप्रकाराच्या साच्यात लिहिले आहे, आणि लेखिका आपल्याच जुन्या रूपाला 'तू' म्हणते. मासुंदा यांच्या 'तू'ला ही दुसरी बाजू. ते आईंना देऊ नका, पण स्वतः जरूर वाचा. बाई बाईवर प्रेम करते म्हणजे ती आपोआप चांगलीच वागते, या गोड समजुतीला ते पुस्तक सुरुंग लावते.


सानपाडा धीमी
रविवार, सकाळी ८.१०

मी पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, स्त्री आहे, बँकेत काम करते, आणि माझ्याकडे एकाच आत्मकथनाच्या तीन प्रती आहेत. तिन्ही वाढदिवसाला आलेल्या. देणाऱ्यांच्या मनात आपुलकीच होती, याबद्दल शंका नाही. पण माझ्याच आयुष्याचा गाईड मला भेट देण्यामागे नेमका काय हेतू असावा, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

खारफुटीताई, तुमचा क्लूनविषयीचा मुद्दा मी मान्य करते. मात्र 'आमची' पुस्तके म्हटल्यावर शस्त्रक्रिया आणि पोलीस एवढेच लोकांना आठवावे, याचाही मला कंटाळा आला आहे. दिवसभर काउंटरवर बसून, चार ग्राहकांची "सर की मॅडम?" अशी चुळबूळ झेलून मी घरी येते, तेव्हा मला दुःखाची उजळणी नको असते. मला ट्रॅव्हिस बाल्ड्री यांचे 'लेजंड्स अँड लाटेज' हवे असते. २०२२ सालचे पुस्तक आहे. विव नावाची एक दांडगी ऑर्क, म्हणजे राक्षसकुळातली योद्धा बाई, तलवार खुंटीला टांगते आणि ज्या गावाने कॉफी कधी चाखलेली नाही तिथे कॉफीचे दुकान काढते. बस. सुतार शोधायचा, पाटी लिहायची, गिऱ्हाईक येत नाही म्हणून फुकट कॉफी वाटायची, दालचिनीचे रोल भाजणारा एक अबोल उंदीरमाणूस मिळवायचा. टँड्री नावाची मदतनीस येते आणि हळूहळू दोघी एकमेकींच्या होतात. पुस्तकाच्या उपशीर्षकातच लेखकाने कबूल केले आहे की अद्भुत भरपूर आहे, पणाला लागलेले मात्र फारसे काही नाही.

त्यातही दुकानाला आग लागते, हे रहस्य फोडल्याबद्दल क्षमस्व. पण नंतर सगळी मंडळी येऊन ते पुन्हा उभे करतात. मला रडू आले ते तिथे, आगीत नव्हे.

आणि कवितेबद्दल कोणीच का बोलले नाही? पारलिंगी कवयित्री दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा संग्रह मराठीत आहे. तो गोड नाही, आईंची काळजी मिटवणाराही नाही. पण सहानुभूती मागणाऱ्या स्वरात लिहिलेला नाही, म्हणून मला तो जवळचा वाटतो.


तीन हात नाका
रविवार, सकाळी ११.४५

कोणाला दुखवायचे नाही, परंतु प्रेमकथा ही प्रेमकथा असते. तिचे असे वेगळे कपाट करून आपण भिंतीच उभ्या करत नाही का? चांगले पुस्तक असेल तर वाचक वाचतील.


पारसिकचा बोगदा
रविवार, दुपारी १.२०

तीन हात नाका, वेगळे कपाट आमच्यापैकी कोणी मागितलेले नाही. धागाकर्तीच्या आईला सगळी कपाटे धुंडाळून एक नाटक सापडले. वेगळे कपाट असते तर त्यांचे निदान दोन तास वाचले असते.

कथा कुठे संपू शकते हे कायद्यावरही अवलंबून असते. ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत या नायकांचे खाजगी आयुष्य कलम ३७७ खाली गुन्हा होते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मात्र समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्यामुळे अमेरिकन किंवा इंग्लिश प्रेमकथा जिथे लग्नाच्या केकवर संपते, तिथे आपल्याकडच्या लेखकाला तेवढे एक दृश्य अद्भुतरसात घालावे लागेल. ऑर्कबाईचे कॉफीचे दुकान त्या मानाने वास्तववादी आहे.

कवितेचे म्हणाल तर मी डोंबिवलीहून येतो, उभ्यानेच, आणि एका हातात कादंबरी धरवत नाही. म्हणून अदिती अंगिरस आणि अखिल कात्याल यांनी संपादित केलेला 'द वर्ल्ड दॅट बिलाँग्स टु अस' हा दक्षिण आशियातल्या क्वीअर कवितांचा २०२० चा संग्रह मोबाइलवर ठेवला आहे. बोगद्याच्या अलीकडे एक कविता वाचायची, अंधारात ती मनात घोळवायची आणि पलीकडे दुसरी उघडायची. त्यातल्या कित्येक ओळी वाचताना मी नकळत मराठी करत असतो, आणि दर वेळी एकाच दगडाला ठेच लागते. इंग्रजी कवीने 'आय' आणि 'यू' असे दोन शब्द ठेवून दार अर्धे उघडे सोडलेले असते. मराठीत 'मी थांबलो' की 'मी थांबले' हे मला ठरवावेच लागते. ज्या कवीला ते मुद्दाम ठरवायचे नाही, त्याचे काय करावे? नपुंसकलिंगी 'ते' आहे, पण 'ते आले' म्हटले की कोणी आदरणीय गृहस्थ आल्यासारखे वाटते, आणि 'ते आले' ऐवजी 'ते आलं' म्हटले की मांजराचे पिल्लू.


ओटीवरची
रविवार, दुपारी ३.००

या बाबतीत आपली परंपरा तितकी कडक नाही असे सुचवावेसे वाटते. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलणारी व्यक्ती स्त्री आहे. 'पैल तो गे काऊ कोकताहे' म्हणणारी विरहिणी लिहिली एका पुरुषाने, आणि शतकानुशतके स्त्रीपुरुष दोघांनीही ती आपली म्हणून गायली. (त्यातल्या 'गे'वर विनोद करू नये, ही नम्र विनंती.) लावण्यांतही शाहीर पुरुष आणि बोलणारी नायिका, हे सर्रास आहे. धागाकर्तीच्या आई शिक्षिका होत्या, त्यांना हा धागा ओळखीचा वाटेल.


खारफुटी
रविवार, दुपारी ३.४०

विराण्या मलाही प्रिय आहेत, पण त्या या कपाटात ठेवायला माझा विरोध आहे. ती भक्तीची भाषा आहे, तिथे विरहिणी हे जिवाचे रूपक आहे. आज नेरूळच्या फलाटावर एका मुलीला दुसरीचा हात धरावासा वाटतो, ते रूपक नाही. संतांकडून परवानगी मिळाल्याशिवाय आपल्याला प्रेम करता येत नाही का?


पंचगंगा ते पनवेल
रविवार, सायंकाळी ६.१५

व्याकरणाच्या प्रश्नावर कोल्हापूरकडून एक तोडगा सादर करते. आमच्याकडे मुली सर्रास "मी आलो", "मी जातो" असे बोलतात. पनवेलला कॉलेजात आल्यावर मैत्रिणींनी मला इतके हसून घेतले की मी महिन्याभरात 'आले-गेले' करू लागले. माझी मैत्रीण, मैत्रीण म्हणजे जिच्यासोबत मी सहा वर्षे राहते आहे ती, आजही मला चिडवायला म्हणते, "तू मूळची 'आलो'वाली, तुला कोण ओळखणार?" पारसिक यांनी त्या कविता कोल्हापुरीत कराव्यात. तिथे 'मी थांबलो' कोणीही म्हणू शकते.

खारफुटीताईंशी मी अर्धी सहमत आहे. परवानगी नको, पण आईशी बोलायचे तर आईच्या ओळखीचा एखादा शब्द लागतो. माझ्या आईला मी काहीही वाचायला दिले नाही आणि ती आमच्याकडे आली की दोघींना एकच चादर काढून देते. पुस्तकावाचूनही होते कधी कधी.


सीवूड्सची आई
सोमवार, सकाळी १०.३०

मी इथे लिहीत नाही, फक्त वाचते. माझी मुलगी नववीत असताना तिच्या दप्तरात अॅलिस ऑस्मन यांचे 'हार्टस्टॉपर' सापडले. चित्रमालिका असल्याने मी आधी त्याला कॉमिक समजले. दोन शाळकरी मुलगे, एक रग्बी खेळणारा. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पहिला भाग संपवला, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ करपली. मुलीने आल्यावर वासावरून विचारले तेव्हा मी फोनवर होते असे खोटे सांगितले.

खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी मला भीती वाटली, दुसऱ्या दिवशी पुढच्या भागाची उत्सुकता लागली. त्यातल्या मुलाची आई मुलाचे बोलणे ऐकून घेते, त्याला जवळ घेते आणि त्याला कधी असे वाटू दिले असेल की हे आपल्याला सांगता येणार नाही, तर त्याबद्दल त्याची क्षमा मागते. तसे वाक्य मराठीत कसे म्हणतात हे मला येत नव्हते, अजूनही येत नाही. मुलगी कोण आहे हे तिने मला सांगितलेले नाही, मी विचारलेले नाही. दुसरा भाग मीच विकत आणून तिच्या टेबलावर ठेवला.

दुपारची गाडी, तुमच्या आईंना विचारा की त्यांनी पहिल्यांदा काय म्हटले होते. मला शिकायचे आहे.


दुपारची गाडी
पुढच्या आठवड्याचा रविवार, रात्री १०.१५

सर्वांचे आभार. सीवूड्सच्या आई, माझी आई पहिल्यांदा म्हणाली होती, "बरं. जेवलीस का?" त्यानंतर चार दिवस तिने त्याबद्दल काही विचारले नाही. तेव्हा मला त्याचा राग आला होता, तो आता येत नाही.

आठवडाभरात काय झाले ते सांगते. दोन बायकांचे, मराठीतले, गोड शेवटाचे पुस्तक या धाग्यावरही निघाले नाही. तेव्हा बुधवारी सुट्टीच्या दिवशी आई मेथी निवडत बसली असताना मी 'लेजंड्स अँड लाटेज' उघडले आणि वाचता वाचता तोंडी मराठी करत गेले. 'ऑर्क'ला राक्षसीण म्हटले. टँड्री ज्या जातीची आहे तिला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ आईसमोर सांगणे मला जड गेले, म्हणून मी 'एक प्रकारचं भूत' म्हणाले. आई म्हणाली, "यक्षिणी म्हण की सरळ." ते मला सुचले नसते.

आईच्या शंका प्रेमाबद्दल नव्हत्याच. "भांडवल कुठून आणलं तिनं?" हा पहिला प्रश्न. लढायांतून साठवलेले पैसे, असे सांगितल्यावर, "म्हणजे पेन्शनचे पैसे धंद्यात घातले. तुझ्या मामाने तेच केलं." जागेचे कागदपत्र तपासले का, सुताराला आगाऊ किती दिले, हे सगळे विचारून झाले. सुतार कॅल तिला फार आवडला, कारण तो कमी बोलतो आणि काम वेळेत देतो. पाचव्या-सहाव्या प्रकरणाच्या सुमाराला मेथीची जुडी संपली होती, तरी ती काड्या चिवडत बसली होती. मग खाली बघतच म्हणाली, "ही यक्षिणी तिच्यासाठी थांबली आहे, त्या राक्षसिणीला कळत कसं नाही?" मी दोन मिनिटे स्वच्छतागृहात जाऊन आले.

खरा पेच शनिवारी आला. मी बोलताना 'प्रेयसी' म्हणाले होते. आईने गुरुवारपासून, मला न सांगता, दोनशे पानी वहीत माझे ऐकलेले आपल्या शब्दांत उतरवून काढायला सुरुवात केली आहे, निळ्या शाईत, समास सोडून. त्यात 'प्रेयसी' लिहून तिने लाल पेनाने खोडले आहे आणि बाजूला शेरा दिला आहे : 'पुस्तकी'. त्यापुढे 'मैत्रीण' लिहिले, तेही खोडले : 'अपुरे'. पुढे मोकळी जागा आहे. आज जेवताना तिने विचारले, "ती तिची कोण लागते? तुम्ही काय म्हणता?" आम्ही इंग्रजीत 'पार्टनर' म्हणतो असे सांगितल्यावर ती म्हणाली, "ते वपुंचं."


पंचगंगा ते पनवेल
रविवार, रात्री १०.४०

आम्ही घरमालकाला 'रूममेट' सांगतो आणि एकमेकींना नावाने हाक मारतो, त्यामुळे माझ्याकडे शब्द नाही. 'सोबतीण' कसा वाटतो?


सानपाडा धीमी
रविवार, रात्री १०.५२

'सोबतीण' म्हातारपणी काठी धरायला असते. 'जोडीदारीण' घ्यावा. शब्द जुना आहे आणि तो पत्त्यांच्या डावापासून संसारापर्यंत सगळीकडे चालतो.


खारफुटी
रविवार, रात्री ११.०५

'जोडीदारीण'ला माझे मत. आणि गोड पुस्तकांविषयी मी वर जे लिहिले ते मागे घेत नाही, पण त्या वहीची छायाप्रत मिळाल्यास वाचायला आवडेल. घरापुरती ठेवलीत तर प्रश्न नाही, छापायचे मनात आले तर मूळ प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागेल.


दुपारची गाडी
सोमवार, सकाळी ९.०५

आईने मोकळ्या जागेत 'जोडीदारीण' लिहिले आहे. दालचिनीच्या रोलपाशी मात्र ती अडली आहे. 'दालचिनीची वळकटी' हे मी सुचवले होते, त्यावर "वळकटी अंथरुणाची असते" असा शेरा आला.


निवृत्त टंकलेखक
सोमवार, सकाळी ९.२०

वही पूर्ण झाल्यावर मला द्यावी, घरातल्या वाचनापुरते टंकलेखन करून देईन. शुद्धलेखन आईंचेच ठेवीन. माझ्याकडून एकच सूचना आहे. वळकटी नको असेल तर 'दालचिनीची सुरळी' लिहावे, सुरळीची वडी सर्वांना माहीत आहे. माझ्या पत्नीसाठी एक प्रत जास्त काढतो आहे, तेवढी परवानगी असावी.